घरात फोन आहे, पण कुणाच्या हाती?



मागच्या महिन्यात परीक्षेच्या दिवसांतील झोप आणि जेवण यांविषयी लिहिले होते. ते वाचून एका भगिनीचा फोन आला. म्हणाल्या, "मॅडम, मोबाइलवर कधी लिहिणार? आमच्या मुलाच्या हातून तो सुटतच नाही. जेवतानासुद्धा समोर लागतो." लिहीन म्हटले आणि लिहायला बसलेही. पण वही उघडली तेव्हा त्यांचा मुलगा राहिला बाजूला आणि मला आमच्या शाळेतली एक मुलगी आठवली. तिच्या हाताला मोबाइल कधी लागलाच नव्हता. म्हणून या महिन्यात त्याच विषयाची दुसरी बाजू मांडते.

2020 सालचा जून महिना. शाळा बंद होत्या. आमची शाळा उर्दू माध्यमाची, मी तिथे मराठी शिकवते. रजिस्टरमध्ये पालकांचे जे नंबर होते ते घेऊन आम्ही वर्गवार व्हॉट्सॲप ग्रुप केले. सकाळी नऊला धडा पाठवायचा, दुपारी स्वाध्याय, संध्याकाळपर्यंत मुलांनी वहीचे फोटो पाठवायचे. ज्यांचा फोटो आला नाही त्यांना मी रात्री वेगळा निरोप लिहायची. सातवीतल्या एका मुलीचा फोटो कधीच येत नसे. माझ्या निरोपाखाली मात्र थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा उमटत, म्हणजे निरोप वाचला गेला. महिनाभर वाट पाहिली आणि माझ्या नोंदवहीत तिच्या नावापुढे शेरा लिहिला : ‘निरोप वाचते, अभ्यास करत नाही.’

जानेवारी 2021 च्या अखेरीस पाचवी ते आठवीचे वर्ग पुन्हा भरले. ती मुलगी पहिल्याच दिवशी आली. वही कोरी. मी कारण विचारले तर खाली बघत राहिली. चार दिवसांनी तिची आई शाळेत आली. म्हणाली, "मॅडम, शाळेत जो नंबर आहे तो तिच्या अब्बांचा. ते कुवेतला असतात, गाडी चालवतात. आमच्याकडे घरात सासूबाईंचा बटणांचा फोन. त्याच्यावर तुमचं काहीच येत नाही."

मग हळूहळू सगळे कळले. मी पाठवलेला प्रत्येक निरोप तिचे अब्बा ड्युटी संपल्यावर खोलीवर येऊन वाचायचे. त्यांना वाटे, मुलीला शाळेकडून वेगळे कळत असेलच. जुम्म्याला ते बटणांच्या फोनवर विचारायचे, "अभ्यास करतेस ना?" आणि ती म्हणायची, "हो." अब्बा लांब आहेत, त्यांना काळजी कशाला लावायची, एवढाच तिचा हिशेब.

"घरात दुसरा मोबाइल नाही का?" मी विचारले. आई जरा थांबली. "थोरल्याचा आहे. अकरावीला आहे ना तो. पण तो फोन घेऊन बाहेर जातो. आणि मुलीच्या हातात कशाला द्यायचा, असं सासूबाईंचं म्हणणं." मग स्वतःच पुढे म्हणाली, "माझंही तेच म्हणणं होतं, मॅडम. खोटं कशाला बोलू?"

मी तो शेरा खोडला. पण सहा-सात महिने तो तिथे होता. माझा निरोप कोकणातल्या एका गावातून निघून समुद्र ओलांडून कुवेतला पोचत होता. शाळेपासून वीस मिनिटांच्या वाटेवरच्या घरात मात्र पोचत नव्हता.

तीन माणसांतले एक

‘आता काय, सगळ्या जगात इंटरनेट पोचले’ असे आपण सहज बोलून जातो. संयुक्त राष्ट्रसंघाची आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ नावाची संस्था दरवर्षी याची मोजदाद करते. तिच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे जगातली सुमारे 260 कोटी माणसे इंटरनेट वापरत नव्हती. म्हणजे साधारण दर तीन माणसांतले एक.

ही माणसे जगभर सारखी पसरलेली नाहीत. 2024 मध्ये श्रीमंत देशांत शंभरातली 93 माणसे इंटरनेट वापरत होती, सर्वांत गरीब देशांत शंभरातली 27. युरोपात 91, आफ्रिकेत 38. जगातल्या शहरांत शंभरातले 83 लोक वापरत होते, तर खेड्यांत 48. एखादे मूल कोणत्या देशात, कोणत्या गावात आणि किती कमावणाऱ्या घरात जन्माला आले, यावर जगाचे दार त्याला उघडे मिळेल की बंद हे बरेचसे ठरून जाते.

मुलांचा वेगळा हिशेबही झाला होता. 2020 च्या अखेरीस युनिसेफ आणि वरील संघ यांनी मिळून सांगितले की जगातल्या 3 ते 17 वर्षे वयाच्या मुलांपैकी दोन तृतीयांश मुलांच्या, म्हणजे 130 कोटी मुलांच्या घरी इंटरनेट नव्हते. त्याच वर्षी युनिसेफने आणखी एक आकडा दिला होता. शाळा बंद झाल्यावर इंटरनेट, टीव्ही, रेडिओ यांपैकी कोणत्याही मार्गाने शिक्षण पोचू शकले नाही अशी किमान 46 कोटी 30 लाख मुले होती.

हे आकडे वाचताना मी माझ्या विद्यार्थिनीला त्यांत शोधत होते. मग लक्षात आले की ती यांत कदाचित नसेलच. कागदावर तिच्या घरी मोबाइल होता, नेटपॅक होता, शाळेचा निरोपही ‘वाचला’ जात होता. मोजणाऱ्याने तिला पोचलेल्यांत धरले असते. मी तरी दुसरे काय केले होते?

इंटरनेट येते कुठून?

वर्गात मुलांना मी हा प्रश्न विचारते तेव्हा बहुतेक जण वर बोट दाखवतात. "मॅडम, उपग्रहातून." खरे तर खंडाखंडांमधली जवळजवळ सगळी देवाणघेवाण समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून होते. केबलच्या आत केसाएवढे बारीक काचेचे धागे असतात आणि त्यांतून प्रकाशाच्या रूपाने आपले निरोप, फोटो, व्हिडिओ पळत असतात. अशा कितीतरी केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. आपण कोकणातले लोक बंदराचे महत्त्व जाणतो. ज्या गावाला बंदर, तिथे माल आधी पोचतो आणि स्वस्त मिळतो. इंटरनेटचेही तसेच आहे.

पूर्व आफ्रिकेचे उदाहरण घ्या. केनिया, टांझानिया, युगांडा या देशांना 2009 पर्यंत जगाशी जोडणारी समुद्राखालची एकही केबल नव्हती. सगळा कारभार उपग्रहावर, म्हणजे महाग आणि संथ. जुलै 2009 मध्ये सीकॉम नावाची केबल सुरू झाली. दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, टांझानिया, केनिया यांना जोडणाऱ्या या केबलचे एक टोक मुंबईला आहे. मुंबई आणि मोम्बासा यांच्यात गलबतांची ये-जा जुनी. त्याच समुद्राखालून हा नवा रस्ता निघाला. पण तोवर मुंबईच्या मुलांना इंटरनेट वापरायला मिळून चौदा वर्षे झाली होती. आपल्याकडे ते सर्वसामान्यांसाठी 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाले. चौदा वर्षांत एक मूल बालवाडीतून कॉलेजात जाते.

ज्यांना समुद्रच नाही त्यांचे काय? चाड, नायजर, दक्षिण सुदान हे चहूबाजूंनी जमिनीने वेढलेले देश. त्यांना शेजारच्या देशांतून तार आणावी लागते, त्याचे भाडे द्यावे लागते, आणि मध्ये कुठे युद्ध पेटले की तारही धोक्यात. समुद्र असूनही हाल होतात ते छोट्या बेटांचे. पॅसिफिकमधल्या टोंगा या देशाला जगाशी जोडणारी एकच केबल होती. 15 जानेवारी 2022 रोजी तिथे समुद्रातल्या ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला आणि ती तुटली. परदेशी असलेल्या टोंगावासीयांना घरचे जिवंत आहेत की नाहीत हेही कळेना. केबल दुरुस्त व्हायला पाच आठवडे लागले. ज्यांच्या घरचे माणूस परदेशी आहे त्यांना या पाच आठवड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

टॉवरखालचा अंधार

इथवर वाचून वाटेल की तार टाकली, टॉवर उभा केला, की प्रश्न मिटला. मलाही तसेच वाटत होते. पण त्याच 2024 च्या अहवालात दुसरा एक आकडा आहे. मोबाइल इंटरनेटची रेंज तेव्हा जगातल्या शंभरातल्या 96 माणसांपर्यंत पोचली होती. अजिबात रेंज नाही अशा ठिकाणी राहणारे उरले शंभरात चार, म्हणजे तेहतीस कोटींच्या आसपास. वापरत नव्हते मात्र 260 कोटी. याचा अर्थ सव्वादोनशे कोटी माणसे अशी होती की त्यांच्या डोक्यावर रेंज होती आणि हातात काही नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तसा हा टॉवरखालचा अंधार.

तो का आहे, याची मला तीन मोठी कारणे दिसतात.

पहिले पैसा. इंटरनेटचा खर्च महिन्याच्या सरासरी उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आत असावा, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रसंघाच्या आयोगाने ठेवले होते. 2023 च्या अहवालात श्रीमंत देशांत अगदी साध्या मोबाइल नेटपॅकचा खर्च सरासरी उत्पन्नाच्या 0.4 टक्के होता, तर सर्वांत गरीब देशांत 8.6 टक्के. आपल्या हिशेबात सांगायचे तर दहा हजार कमावणाऱ्याला एका ठिकाणी चाळीस रुपये पडतात, दुसऱ्या ठिकाणी 860. जो जास्त गरीब, त्याच्याच खिशाला जास्त चाट. भारतात 2016 नंतर नेटपॅक पुष्कळ स्वस्त झाले हे खरे, पण ते वापरायला जो फोन लागतो त्याची किंमत मजुरी करणाऱ्या घराला आजही जड जाते. एका घरात चार मुले आणि एक फोन असेल तर तो कुणाला द्यायचा हे ठरवावे लागते. नेमके तिथेच सगळे ठरून जाते.

दुसरे कारण भाषा. इंटरनेट हाती आले तरी तिथे आपल्या भाषेत वाचायला काय आहे? विकिपीडिया हा सर्वांना खुला असलेला ज्ञानकोश घ्या. त्याच्या इंग्रजी आवृत्तीत सुमारे 70 लाख लेख आहेत. उर्दूत दोन लाखांहून थोडे अधिक. मराठीत एक लाखाच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख होते, तरी ही अवस्था. आमच्या उर्दू शाळेतला मुलगा विज्ञानाच्या प्रकल्पासाठी काही शोधतो तेव्हा त्याच्यासमोर इंग्रजी येते, नाहीतर कसेबसे यंत्राने भाषांतर केलेले काहीतरी. आफ्रिकेतल्या कितीतरी भाषांना तर एवढेही नाही. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याच्यासमोर तर फोन ही काच आहे, आतले दिसते पण उलगडत नाही.

तिसरे कारण परवानगी. याविषयी आपण सर्वांत कमी बोलतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

परवानगी कुणाची?

मोबाइल कंपन्यांची जीएसएमए ही जागतिक संघटना दरवर्षी स्त्री-पुरुषांमधले अंतर मोजते. तिच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत पुरुषांच्या तुलनेत 15 टक्के कमी बाया मोबाइलवर इंटरनेट वापरतात. दक्षिण आशियात, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश या आपल्या भागात, हे अंतर 31 टक्के आहे. आपल्या देशाच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) विचारले होते, ‘तुम्ही कधी तरी इंटरनेट वापरले आहे का?’ हो म्हणणाऱ्या बाया शंभरात 33, पुरुष 57. एकच घर, एकच छप्पर, एकच रेंज. तरी फरक एवढा.

हा दरवाजा कधी घर बंद करते, कधी कॉलेज, कधी सरकार. केरळात कोझिकोडजवळच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल जमा करावा लागे. एका मुस्लिम विद्यार्थिनीने नियम मानायला नकार दिला. अभ्यासाचे साहित्य फोनवर असते, आणि त्याच वेळेत तो काढून घेतला तर अभ्यास कशावर करायचा, असे तिचे म्हणणे. तिला वसतिगृहातून काढण्यात आले. तिने हायकोर्टात दाद मागितली. सप्टेंबर 2019 मध्ये केरळ हायकोर्टाने निकाल दिला की इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खाजगी आयुष्याच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला परत घेण्याचा आदेश दिला. या लढाईत तिच्या घरच्यांनी तिला साथ दिली होती, हे मला निकालाइतकेच मोलाचे वाटते.

त्याच सुमारास, ऑगस्ट 2019 पासून, काश्मीरमध्ये इंटरनेट बंद होते. पुढे ते आले ते संथ टूजीवर. फोरजी परत सुरू व्हायला फेब्रुवारी 2021 उजाडला. जगभरची मुले ऑनलाइन शिकत होती तेव्हा तिथली मुले एक धडा उतरवायला तासन्‌तास बसत होती. जानेवारी 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की इंटरनेटवरून बोलण्याचे आणि व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेने जपलेले आहे, आणि बेमुदत बंदी घालता येणार नाही.

अफगाणिस्तानात तर सहावीनंतर मुलींना शाळाच नाही. 2021 पासून हे चालू आहे. अनेक मुली घरात बसून, परदेशातल्या शिक्षकांकडून इंटरनेटवर शिकू लागल्या. 2025 च्या सप्टेंबरअखेरीस तिथल्या राजवटीने देशभरातले इंटरनेट सुमारे दोन दिवस बंद केले. पुन्हा सुरू झाले खरे, पण जिच्या घराची तेवढीच एक खिडकी उघडी होती तिला त्या दोन दिवसांत काय वाटले असेल? या बातम्या वाचून आपण हळहळतो, तिथल्या सत्ताधाऱ्यांना नावे ठेवतो, आणि ते बरोबरच आहे. पण मला त्या दिवशीची ती आई आठवते. ‘मुलीच्या हातात कशाला?’ हे वाक्य काबूलमध्ये फर्मान होऊन येते, आमच्या वाडीत काळजी होऊन येते. मुलीच्या वाट्याला दोन्हीकडे कोरी वहीच.

आईची भीती खोटी नाही

मला ठाऊक आहे, हे वाचताना काही भगिनी म्हणतील, "मॅडम, तुम्हाला काय जातं सांगायला? मोबाइलमुळे मुलं बिघडतात ते आम्ही बघतो." ती भीती मी हसण्यावारी नेत नाही. माझ्याही घरात मुले आहेत. फसवणुकीचे फोन, घाणेरडे व्हिडिओ, रात्र-रात्र जागरण, ओळख वाढवून छळणारी माणसे, हे सगळे आहे. पण एक विचार करून बघा. ही भीती मुलग्यासाठीही तेवढीच खरी असते. तरी त्याला फोन मिळतो आणि तिला मिळत नाही. फोन वाईट म्हणून बंद असता तर दोघांनाही बंद असता.

नुसते यंत्र हातात दिल्याने मूल शहाणे होते असेही नाही. दक्षिण अमेरिकेत उरुग्वे नावाचा लहानसा देश आहे. तिथल्या सरकारने 2007 मध्ये योजना आखली आणि दोन-तीन वर्षांत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला, शाळाशाळांत इंटरनेट नेले. गरीब-श्रीमंत मुलांमधले यंत्राचे अंतर झपाट्याने कमी झाले. पण अभ्यासकांनी तपासले तेव्हा केवळ लॅपटॉप मिळाल्याने गणित आणि वाचनातली प्रगती वाढलेली दिसली नाही. पुढे त्यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला, जिथे इंग्रजीचा शिक्षक नव्हता तिथे दूरच्या शिक्षकाचा तास पडद्यावरून सुरू केला. यंत्राशेजारी माणूस बसवला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या 2024-25 च्या आकडेवारीप्रमाणे शंभरातल्या 63 शाळांत इंटरनेट आहे. उरलेल्या 37 शाळांतही ते यायला हवे आणि ज्यांत आहे तिथे शिकवणाराही हवा, ही मागणी आपण पालक म्हणून शाळा समितीच्या बैठकीत करायला हवी. घरातही तसेच. फोन द्या आणि शेजारी बसा. काय बघतेस, मलाही दाखव, म्हणा. मुलीला आणि मुलाला एकच नियम लावा.

त्या मुलीचे पुढे काय झाले

तिने आठवी, नववी, दहावी नेटाने केली. दहावीला चांगले गुण मिळाले. पुढच्या शिक्षणासाठी एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता, आणि तो ऑनलाइनच. ती आईला घेऊन बाजारातल्या नेट कॅफेत गेली. नाव, गुण, दाखला सगळे भरले. शेवटी ओटीपी मागितला. आधारला जोडलेला नंबर अब्बांचा. ओटीपी गेला कुवेतच्या वाटेने. अब्बा गाडी चालवत होते, त्यांनी पाहिला तेव्हा त्याची मुदत संपली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तेच. तिसऱ्या दिवशी साइट चालेना. शेवटची तारीख टळली आणि त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली.

30 एप्रिल 2025 रोजी सुप्रीम कोर्टाने एका निकालात म्हटले की ऑनलाइन सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टी नसलेल्या व्यक्तींनी तो खटला लढवला होता. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा म्हणणाऱ्या पद्धतीमुळे त्यांना बँकेची साधी कामेही होत नव्हती. रेशन, दाखला, प्रवेश, शिष्यवृत्ती सगळे जेव्हा फोनमध्ये जाऊन बसते तेव्हा फोन नसणे म्हणजे हक्क नसणे, हे कोर्टालाही मान्य झाले. तरी कोर्ट आपल्या घरात येऊन फोन कुणाच्या हातात द्यायचा ते सांगणार नाही. ते आपणच ठरवायचे आहे.

त्या घराने ठरवले. आईने भिशीच्या पैशांतून एक जुना स्मार्टफोन घेतला. दोघी आधार केंद्रावर गेल्या आणि नंबर बदलून आईचा लावला. आता ती मुलगी बारावीला आहे, नर्सिंगला जायचे म्हणते. संध्याकाळी मगरिबनंतर एक तास फोन तिचा, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, आजीलाही. तिने आईला ओटीपी वाचायला शिकवले, उर्दूत निरोप बोलून पाठवायला शिकवले. जुम्म्याला अब्बा आता व्हिडिओवर दिसतात. मध्यंतरी ती आई बाजारात भेटली. म्हणाली, "मॅडम, मी हे चार वर्षं आधी केलं असतं तर…" मी काही बोलले नाही. मीही एक शेरा सहा महिने आधी खोडायला हवा होता.

भगिनींनो, आपल्याकडे वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा हिस्सा ठरलेला आहे, आणि ते आपण चारचौघांत अभिमानाने सांगतो. आज घरातला फोन हीसुद्धा एक मालमत्ता झाली आहे. त्यात मुलीचा हिस्सा किती, हे एकदा सगळ्यांनी दस्तरखानावर बसून ठरवायला काय हरकत आहे? टोंगाची केबल दुरुस्त करणे आपल्या हातात नाही. चाडमधला नेटपॅक स्वस्त करणे आपल्या हातात नाही. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यातले अंतर मात्र आपणच मिटवू शकतो.

एवढे करा. या आठवड्यात मुलांच्या शाळेत जा आणि रजिस्टरमध्ये तुमच्या घरचा कुणाचा नंबर लिहिला आहे ते बघा. तो फोन दिवसा घरात असतो का? नसेल तर घरात राहणाऱ्या माणसाचा नंबर द्या. आधारला कुणाचा नंबर आहे तेही बघून ठेवा. घरात फोन नसेल तर शिक्षकांना तसे स्पष्ट सांगा, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आणि माझ्या शिक्षक सहकाऱ्यांना सांगणे एवढेच, की निळी खूण पाहून शेरा लिहू नका. आधी घर बघून या.

ज्या भगिनीने मला मोबाइलवर लिहायला सांगितले त्यांना मी उद्या फोन करणार आहे. मुलाच्या हातून तो सुटत नाही हे त्यांनी सांगितले. घरात त्याची एक बहीणही आहे, असे बोलता बोलता म्हणाल्या होत्या. तिच्या हाती तो कधी असतो, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले.

अल्लाह हाफिज.